पुठ्ठ्याची पाचर

३ जुलै

धाकट्या,

ख्रिस्तात सलाम.

भाऊजी पोचले. एक पत्र्याची पेटी, एक उशी आणि तुमच्या बाइंडिंग कारखान्याचा दाखला, एवढंच घेऊन आले. दाखल्यावर लिहिलंय : 'स्वतःच्या निष्काळजीपणामुळे अपघात. कामावरून कमी केले.' तो त्यांनी मला स्वतःच वाचून दाखवला, थांबून थांबून, मला नीट ऐकू जावं म्हणून.

डाव्या हाताची अंगठ्याशेजारची दोन बोटं मुळापासून गेलीत. जखम भरली आहे. शर्टाची बटणं लावायला एवढा वेळ लागतो की मी पाठ फिरवून शिलाई मशीन चालवत बसते. काल त्यांच्या सगळ्या शर्टांची बटणं काढून टिचबटणं लावून दिली. म्हणाले, "वहिनी, आता फक्त लाळेरं शिवायचं राहिलं." स्वतःच हसले.

हे वारल्यापासून या खोलीत मी एकटीच होते. दिराला सांभाळणं मला ओझं वाटत नाही, तसं समजू नकोस. मला छळतंय ते वेगळंच. जेवायला बसलं की ते डोळे मिटून मोठ्याने म्हणतात, "प्रभू, माझ्या निष्काळजीपणाची मला क्षमा कर." सकाळी तेच, संध्याकाळी तेच. ताटातलं निवून जातं. परवा मी म्हटलं, "भाऊजी, देव बहिरा नाही." तर म्हणाले, "मी आंधळा होतो ना, वहिनी."

भाऊजी इथल्या दोन्ही छापखान्यांत जाऊन आले. दाखला हातात पडेपर्यंत लोक गोड बोलतात. मग 'कळवतो'.

तू तिथला फोरमन. तूच त्यांना तिथे कामाला लावलंस. अपघात झाला तेव्हा तू हॉलमध्ये होतास. चौकशीत तू काय सांगितलंस ते लिही. आणि त्यांच्या कामाबद्दल दोन चांगल्या ओळी सहीनिशी लिहून दे, म्हणजे तो दाखला पुढे करताना सोबत काहीतरी राहील. फोन करू नकोस. खोली एकच आहे, आणि ते समोर बसलेले असतात.

ताई


१४ जुलै

प्रिय ताईस,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

तुझं पत्र वाचून डोळ्यांत पाणी आलं. इथे आम्ही सगळे तुझ्या दिराला उंट म्हणायचो. हॉलमध्ये त्याची जागा अजून रिकामीच आहे. पण ताई, देवाच्या मार्गांपुढे आपलं काय चालतं? जे घडतं त्यात त्याचा काही हेतू असतोच. उंटाला सांग, खचू नकोस.

चौकशीचं विचारलंस. सुरक्षा खात्याचे साहेब आले, त्यांनी मशीन चालवून बघितलं, मशीन ठीक निघालं. जे दिसलं ते त्यांनी लिहिलं. त्यात मी काय सांगणार? शिफारशीच्या ओळींचं म्हणशील तर मालकांना विचारल्याशिवाय देता येत नाहीत. विचारतो.

आता एक आनंदाची बातमी. मागच्या रविवारी मी उपासनेत उभा राहून साक्ष दिली. तू मला लहानपणापासून ओळखतेस, चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. पण त्या दिवशी कुणीतरी बखोटीला धरून उभं केल्यासारखा उठलो. म्हटलं, मी मोठा पापी आहे, माझ्या हातून अपराध घडला आहे, मी प्रभूच्या चरणी आलो आहे. पुढे बोलवेना. मंडळीतल्या बायका रडत होत्या. पाळकसाहेबांनी मिठी मारली, म्हणाले, आज स्वर्गात आनंद आहे. ताई, छातीवरचा दगड उतरला. कित्येक आठवड्यांनी गाढ झोप लागली.

तुला आनंद होईल म्हणून लिहिलं.

तुझा धाकटा


२२ जुलै

धाकट्या,

आनंद व्हायला बातमी तरी कळायला हवी. कोणता अपराध? तू पुन्हा प्यायला लागला होतास का? बायकोवर हात उचललास? डॉक्टरकडे जाऊन 'मी मोठा आजारी आहे' एवढंच म्हणून कुणी उठून येतं का? कुठे दुखतंय ते तरी सांगतो माणूस. मंडळी रडली यात नवल नाही. पापाचं नाव घेतलं नाही की ज्याला त्याला आपलंच आठवतं.

शिफारशीबद्दल तू 'विचारतो' म्हणालास. छापखानेवाले 'कळवतो' म्हणतात. दोन्ही एकाच जातीचं.

आता दुसरं. काल मी भाऊजींना म्हटलं, नेमकं झालं काय ते मला एकदा दाखवा, मग पुन्हा विचारणार नाही. त्यांनी माझ्या शिवणाच्या टेबलावर डब्यांची दोन झाकणं ठेवली, एक या टोकाला, एक त्या टोकाला. म्हणाले, ही कटिंग मशीनची बटणं. दोन्ही हातांनी दोन्ही एकदम दाबली तरच पातं खाली येतं, म्हणजे हात आपोआप पात्यापासून लांब राहतात. गठ्ठा सरळ करताना एक तळवा बटणावर टेकवून ठेवायची सवय सगळ्यांनाच असते, कारण एका बटणाने काही होत नाही. त्यांचा उजवा तळवा असाच टेकलेला होता. डाव्या हाताने ते पात्याखालचा गठ्ठा सरळ करत होते. आणि पातं आलं.

मी विचारलं, "मग डावं बटण कुणी दाबलं?"

"माझ्याच कोपराने दाबलं गेलं असणार. दुसरं कोण होतं तिथे?"

"आता दाबून दाखवा."

डावा हात पात्याच्या जागी ठेवला की कोपर झाकणापर्यंत पोचेना. वाकले, वळले, स्टुलावरून पडता पडता राहिले. मग म्हणाले, "त्या वेळी पोचलं असेल, वहिनी. घाईत होतो."

मला मशीनमधलं काही कळत नाही. पण जे पोचत नाही ते घाईतही पोचत नाही. तू रोज त्या मशीनशेजारी उभा राहतोस. डावं बटण कसं दाबलं गेलं?

ताई


८ ऑगस्ट

धाकट्या,

उत्तर नाही. तुझ्या बायकोला फोन केला. म्हणाली, तू बरा आहेस, बुधवारच्या प्रार्थनासभेत आता तूच गाणी सांगतोस. मी विचारलं ते गाण्याइतकं अवघड नाही.

ताई


१७ ऑगस्ट

ताई,

वाचून झालं की हे पत्र फाडून टाक.

त्या डाव्या बटणात पाचर होती. पुठ्ठ्याची, घडी घालून खुपसलेली. तिच्यामुळे बटण दाबलेलंच राहतं. मग एका हाताने मशीन चालतं आणि दुसरा हात गठ्ठा लावायला मोकळा राहतो. काम भराभर उरकतं. ती मी लावली होती. पण हे काही मी शोधून काढलेलं नाही. माझ्या आधीच्या फोरमनने मला शिकवलं. शाळा उघडायच्या आत पुस्तकं गेली पाहिजेत म्हणून मालक सारखे डोक्यावर येऊन उभे राहायचे. पाचर त्यांना दिसत नव्हती असं नाही, त्यांनी डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं होतं. इतर कारखान्यांतही हेच चालतं. त्या दिवशी कटिंगवाला आला नव्हता, म्हणून उंटाला घडीच्या टेबलावरून उठवून तिथे उभं केलं. पाचरीचं त्यालाही माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत असतं. त्याने सांभाळून काम करायला हवं होतं. तरीपण मी माझी चूक मानतो. चौकशीच्या आधी मी पाचर काढून टाकली, हेही खरं आहे. पण नाहीतर मी एकटा सापडलो असतो. मालक हात झटकून मोकळे झाले असते. मला घर आहे, ताई. सैतान माणसाला अशाच वेळी गाठतो.

हे सगळं मी प्रभूपुढे ठेवलं आहे. त्याने मला क्षमा केली आहे, याची मला खात्री आहे. पाळकसाहेबांना मी तपशील सांगितला नाही, पण तेही म्हणतात, जे पाप त्याने समुद्राच्या तळाशी टाकलं ते आपण गळ टाकून वर काढू नये. मग तू का काढतेस? तू देवापेक्षा मोठी आहेस का?

उंटाला सांगू नकोस. तो आता सावरतोय. त्याची शांती मोडून काय साधणार?

धाकटा


२४ ऑगस्ट

धाकट्या,

पत्र फाडलं. फाडेपर्यंत पाठ झालं होतं.

तुझी कबुली एका ओळीची आहे. 'ती मी लावली होती.' बाकी पानभर नुसते 'पण'. आधीचा फोरमन, मालक, इतर कारखाने, उंट, सैतान. अख्खी वरात पुढे, आणि तू सगळ्यांच्या मागे, छत्री उघडून. पहिल्या माणसानेही बागेतलं फळ खाऊन हेच केलं. मी नाही, ही बाई. आणि ही बाईही तूच दिलेली. देवालासुद्धा गोवलं. तू त्याच्याच वंशातला, दुसरं काय करणार?

देवाने तुला माफ केलं असेल. ते त्याचं त्याला ठाऊक. पण बोटं देवाची गेली नाहीत.

आणि शांती कुणाची म्हणतोस? जो माणूस रोज ताटावर बसून तुझ्या पापाची क्षमा मागतो, त्याची? चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे संन्यासी आपल्या हाताने दोर वळतोय आणि चोर बुधवारी गाणी सांगतोय.

त्यांना माहीत होतं, असं लिहिलंस. मी त्यांना सहज विचारल्यासारखं विचारलं, "त्या बटणात कधी काही अडकवून ठेवतात का हो?" मी उपासनेत शिवी दिल्यासारखे बघत राहिले. "कुणी असं करेल का, वहिनी?"

त्यांना माहीत नव्हतं, धाकट्या.

मी त्यांना सांगणार नाही. तुझी दया येते म्हणून नाही. मी सांगितलं तर ती चहाडी होईल. कबुली तुझ्याच तोंडून यायला हवी. लहानपणी तुझं नाक मी पुसलं, हे पुसणार नाही. पण रोज त्यांच्यासमोर गप्प बसून जेवते आहे, म्हणजे आता मीही यात आले. त्यांची प्रार्थना संपली की माझ्याकडून आमेन येत नाही. ते डोळे उघडून बघतात. "वहिनी, आमेन?"

ताई


५ सप्टेंबर

प्रिय उंटास,

सलाम.

बरेच दिवस लिहीन म्हणत होतो. तुझी आठवण रोज येते. प्रभूने मनावर ओझं घातलं म्हणून आज लिहायला बसलो.

आपण माणसं आहोत, कळत नकळत चुका होतात. तुझ्या बाबतीत माझ्याकडून काही चुकलं असेल, तुझं मन दुखावलं असेल, तर मोठ्या मनाने क्षमा कर. आपण ख्रिस्तात भाऊ आहोत.

मालकांच्या कानावर घातलं आहे. फाटकावर पहारेकऱ्याची जागा निघाली तर ते तुझा विचार करतील.

तुझा,
फोरमन


१३ सप्टेंबर

पाहुणे,

वहिनीच्या भावाला खरं तर पाहुणेच म्हणायचं. कारखान्यात तुम्ही फोरमनसाहेब होतात म्हणून जीभ आवरत होतो. आता नोकरी गेली, धाकही गेला.

तुमचं पत्र वहिनींना वाचून दाखवलं. त्यांनी शिलाई मशीन इतकं जोरात चालवलं की अर्धं त्यांना ऐकूच गेलं नसणार.

अहो, तुमच्याकडून काय चुकणार? मला कामाला लावलंत म्हणून मनाला लावून घेतलं असेल तर ते आधी काढून टाका. आणि तरीही काही असलंच तर माफ. पोतंभर माफ.

उलट मीच तुमचा अपराधी आहे. माझ्यामुळे तुमच्या हॉलला डाग लागला. चौकशीच्या साहेबांपुढे तुम्हाला खाली मान घालून उभं राहावं लागलं, असं ऐकलं. ते मला आतून खातं. म्हणून मी ठरवलंय. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी इथे प्रभूभोजन आहे. त्याआधी मंडळीपुढे उभा राहून सांगणार आहे, काय झालं, कसं झालं, कुणाच्या चुकीने झालं. काही लपवणार नाही. इथल्या पाळकांशी बोललो आहे. तुम्ही साक्ष दिलीत हे वहिनींकडून कळलं, त्यावरूनच मला धीर आला. तुमचं उदाहरण डोळ्यांपुढे आहे.

पहारेकऱ्याचं जरूर बघा. शिट्टी फुंकायला आठ बोटं पुरतात.

उंट


१३ सप्टेंबर

धाकट्या,

भाऊजींचं पत्र टपालपेटीत टाकून आले. हे माझं, वेगळं.

'काही चुकलं असेल तर.' असेल तर! बाजारात कुणाला धक्का लागला तर असं म्हणतात. पहारेकऱ्याची जागाही 'निघाली तर'. तुझ्या एका पत्रात किती फटी, आणि प्रत्येक फटीतून तू बाहेर.

तुला माफी मिळाली. कशाबद्दल, ते देणाऱ्याला माहीत नाही आणि घेणारा सांगत नाही. आधी त्यांची बोटं गेली, मग नाव गेलं, आता त्यांच्या खिशातली माफीही काढून घेतलीस.

पहिल्या रविवारी ते उभे राहणार. शर्ट आत्ताच इस्त्री करून खुंटीला लावून ठेवलाय. बाकावर मी त्यांच्या शेजारी असेन. ते बोलायला लागले की मी काय करायचं, तेवढं मला लिही. मान खाली घालू? रडू? आमेन म्हणू? तू ठरव. तुझ्याच पापाची साक्ष आहे ती.

यानंतर मी तुला लिहिणार नाही.

ताई


२८ सप्टेंबर

ताई,

उंटाचं पत्र खिशात घेऊन आठवडाभर कामावर गेलो. प्रत्येक वेळी 'तुमचं उदाहरण डोळ्यांपुढे आहे' या ओळीशी अडत होतो. मग पाळकसाहेबांकडे गेलो. या वेळी सगळं सांगितलं, मशीनसकट. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मी मिठी मारण्याआधी विचारायला हवं होतं, कशाबद्दल. विचारलं नाही. लोक रडत होते आणि मला बरं वाटत होतं." प्रार्थना करू या, म्हणाले नाहीत. म्हणाले, "मालकांकडे एकटे जाता की मी येऊ?" मी म्हटलं, एकटा जातो.

मालकांनी पुरतं ऐकूनच घेतलं नाही. "तुम्ही थकलात. रजा घ्या." मी म्हटलं, पाचर मी लावली होती. म्हणाले, "कसली पाचर? साहेबांनी मशीन बघितलं. विषय संपला." मी म्हटलं, सुरक्षा खात्यात जाऊन सांगतो. तेव्हा उठून दार लावलं आणि म्हणाले, "जा. पण मग इकडे परत येऊ नका."

गेलो. खिडकीवरच्या माणसाने विचारलं, "तक्रार कुणाविरुद्ध?" म्हटलं, माझ्याविरुद्ध. तो म्हणाला, "तसा नमुना नाही. दुसऱ्याविरुद्ध असेल तर आहे." मी म्हटलं, कोऱ्या कागदावर लिहितो. म्हणे कोऱ्या कागदावर चालत नाही, साहेबांना विचारा. साहेब दौऱ्यावर. दुसऱ्या दिवशी गेलो, साहेब बैठकीत. शेजारचा कारकून म्हणाला, "अहो, चार महिने झाले, तुम्हाला कुणी विचारतंय का? घरी जा की." ताई, खोटं बोलायला मला एक मिनिट लागलं होतं. खरं सांगायला रांग आहे, आणि घ्यायला कुणी नाही. शेवटी साहेबांच्या दाराशी बसून राहिलो. त्यांनी वाचलं, एकदा माझ्याकडे बघितलं, आणि शिक्का मारला.

नोकरी गेली. हे तुला कीव यावी म्हणून लिहीत नाही. की लिहितोय, कोण जाणे. खोडून टाकणार होतो, पण राहू दे.

रविवारी तू काय करायचं, ते विचारलंस. सोबतचं पत्र त्याला रविवारच्या आत दे. आधी तू वाचू नकोस.

धाकटा


२८ सप्टेंबर

उंटा,

कटिंग मशीनच्या डाव्या बटणात मी पुठ्ठ्याची पाचर खुपसली होती. त्यामुळे एकट्या उजव्या बटणावर पातं खाली येत होतं. त्या दिवशी तुला त्या मशीनवर मी उभं केलं. पाचर आहे हे मी तुला सांगितलं नाही. तुला ते माहीत नव्हतं. ताईला मी लिहिलं की तुला माहीत होतं. ते खोटं होतं.

चौकशीआधी मी पाचर काढली. साहेबांनी मशीन चालवून बघितलं तेव्हा मी शेजारी उभा होतो. ते म्हणाले, कामगाराचीच चूक दिसते. मी हो म्हटलं.

तुझं कोपर बटणाला लागलं नव्हतं. तू निष्काळजी नव्हतास.

मागच्या पत्रात मी 'काही चुकलं असेल तर' असं लिहिलं. काय चुकलं ते मला माहीत होतं. त्या पत्रावर तू दिलेली माफी मी परत करतो. ती मी फसवून घेतली.

हे सगळं सुरक्षा खात्यात लिहून दिलं आहे. शिक्क्याची प्रत सोबत आहे. छापखान्यांत दाखल्याबरोबर ती दाखव.

हे पत्र माफीसाठी नाही. रविवारी उभा राहू नकोस, एवढंच मागतो.

फोरमन होतो तो


६ ऑक्टोबर

धाकट्या,

लिहिणार नाही म्हणाले होते, तरी लिहिते आहे.

तुझं पत्र शनिवारी आलं. त्यांनी ते दारातच उभ्याने वाचलं. मग आत येऊन पुन्हा वाचलं. मला विचारलं, "तुम्हाला कधीपासून माहीत आहे?" मी म्हटलं, ऑगस्टपासून. टेबलावरचा पेला उचलून त्यांनी भिंतीवर फेकला. त्यांनी आवाज चढवलेलाही मी कधी ऐकला नव्हता.

रविवारी आले. माझ्या शेजारी बसले नाहीत, मागच्या बाकावर बसले. पाळकांनी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी मान हलवली. उभे राहिले नाहीत. प्रभूभोजनही घेतलं नाही.

घरी आल्यावर मी माफी मागितली. तुला एवढं सुनावलं होतं, तेव्हा म्हटलं, आपण एकही 'पण' न घालता मागून दाखवू. धाकट्या, अवघड आहे रे. तिसऱ्या वाक्यालाच माझ्या तोंडून तुझं नाव आलं. ते म्हणाले, "झालं तुमचं?"

आता ते प्रार्थना मोठ्याने करत नाहीत. बसतात, जेवतात, उठतात. एवढं गरम जेवण या घरात गेल्या कित्येक महिन्यांत झालं नव्हतं, आणि अर्धं ताटातच राहतं.

ते माफ करतील का, असं मला विचारू नकोस. त्यांनाही विचारू नकोस.

ताई


९ ऑक्टोबर

फोरमनसाहेब,

पत्र मिळालं. 'माफ केलं' असं लिहायला दोनदा बसलो. हात चालला नाही. पुढे कधी लिहीन, कदाचित नाही लिहिणार. वाट बघू नका.

पाचरीचा राग मला कमी आहे. घाईच्या दिवसांत मी फोरमन असतो तर मीही लावली असती का, सांगता येत नाही. राग येतो तो नंतरच्या महिन्यांचा. जे मी केलं नाही त्याची क्षमा मी रोज मागितली. ती कुणाला मिळाली, देव जाणे. आणि एक सांगतो. कोपर बटणाला लागल्याचं मला आठवायला लागलं होतं. खरंच आठवत होतं. बटण गार लागलं होतं, असंसुद्धा. तुम्ही माझी आठवणही बिघडवलीत.

एका छापखान्याने सोमवारपासून यायला सांगितलं आहे. तुमचा शिक्क्याचा कागद दाखवला. त्याबद्दल आभार मानणार नाही, तो कागद माझाच होता.

एकच विचारायचं आहे. पातं वर गेलं, मी ओरडलो, लोक धावले, मला भिंतीशी बसवलं. तुम्ही म्हणालात, कापड आणतो. मग बराच वेळ तुम्ही दिसला नाहीत. कापड दुसऱ्याच कुणीतरी आणलं. पाचर तेव्हा काढलीत की नंतर?

खरं लिहा. गोड लिहू नका.

उंट


१४ ऑक्टोबर

उंटा,

तेव्हाच.

कापडाचं कपाट मशीनच्या पलीकडे होतं. कपाटाकडे जाताना आधी मशीनशी थांबलो. पाचर घट्ट बसली होती, निघेना. नखं घालून ओढली. तुझं ओरडणं ऐकू येत होतं. ती निघाल्यावर खिशात घातली. मग कपाट उघडलं, आणि ते कशासाठी उघडलं ते मला आठवेना. नुसता उभा राहिलो.

हे मी सुरक्षा खात्याच्या कागदात लिहिलं नव्हतं. ताईला लिहिलं नव्हतं. पाळकसाहेबांनाही सांगितलं नव्हतं. प्रभूला तर सांगायची गरजच नाही, त्याने बघितलंच आहे, असं मी धरून चाललो होतो. आज सकाळी त्यालाही सांगितलं. मोठ्याने, जसं झालं तसं. रडू आलं नाही. हलकंही वाटलं नाही.

उद्या सुरक्षा खात्यात जाऊन एवढं जोडून येतो. तिथून तुमच्याकडे निघतो. तुला जे विचारायचं असेल ते तोंडावर विचार. दार उघडायचं की नाही ते तू ठरव. हे पत्र दाराखालून आत सरकवून मी खाली जिन्यात बसेन.